परस आणि पोडियम

मराठीत घरापुढच्या मोकळ्या जागेला अंगण म्हणतात आणि घरामागच्या जागेला परस, हे तुम्हांला नव्याने सांगायला नको. पण या दोन शब्दांच्या वाट्याला आलेला मान सारखा नाही. अंगणाला ओव्यांत, गीतांत जागा मिळाली. तिथे रांगोळी आली, चांदणे आले, पालखी टेकली. परसाच्या वाट्याला आली विहीर, धुण्याचा दगड, खरकटे, चुलीची राख आणि ‘परसाकडे जाणे’ हा वाक्प्रयोग, ज्याचा अर्थ चारचौघांत उलगडून सांगण्याची सोय नाही. घराला जे हवे असते पण पाहुण्याला दाखवायचे नसते, ते सारे परसात. आणि तरीही, किंवा म्हणूनच, घरातील बाग बहुधा परसातच वाढली. तिला आपण परसबाग म्हणतो. ‘अंगणबाग’ असा शब्द मराठीत रूढ झाला नाही.

मी तुमच्याशी बोलणार आहे ते अशाच एका परसाविषयी. ते गिरगावात आहे. लांबी ३० फूट, रुंदी २४ फूट. गेल्या काही वर्षांत ते उकरले गेले आणि नव्या पद्धतीने पुन्हा मांडले गेले. एवढ्याशा जागेच्या निमित्ताने आमच्या घरात जे वाद झाले, त्यांत कोण जिंकले याला महत्त्व नाही; पण ‘पारंपरिक’ आणि ‘आधुनिक’ हे दोन शब्द आपण किती सैलपणे वापरतो हे मला त्या वादांतून समजत गेले. तुम्ही नोकरी आणि संसार सांभाळून अभ्यास करणारी मंडळी आहात. पुस्तकात भेटणारे शब्द घरात कसे वागतात, हे पाहण्याची संधी तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक आहे.

गिरगावात परसाची गोष्ट सांगणे तसे गमतीचे आहे, कारण एके काळी तिथला बराचसा भाग म्हणजे बागाच होत्या. पत्ते वाचा: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट. पलीकडे भुलेश्वराजवळ फोफळवाडी. फोफळ म्हणजे सुपारी. वर ताडदेव. मध्य मुंबईकडे वळलात तर चिंचपोकळी आणि लालबाग. परळचे नावही पाडळीच्या वृक्षावरून आले असे मानतात. कोकणात आजही ‘वाडी’ म्हणजे वस्तीही आणि नारळी-पोफळीची बागही. गोव्यात नारळीच्या बागेला ‘भाट’ म्हणतात. म्हणजे मुंबईकर माणूस टपालाच्या पाकिटावर रोज एका बागेचे नाव लिहितो आणि ती बाग त्याने पाहिलेली नसते. ही नावे ज्यांनी ठेवली त्यांना त्यांत काव्य दिसले असेल असे नाही. ज्या जागेत जे पिकत होते ते त्यांनी सांगितले, इतकेच.

या वाड्यांतील झाडे गेली आणि चाळी आल्या, त्याला कारण केवळ बिल्डरांची हाव असे समजू नका. तेव्हा तो शब्दही नव्हता. अठराशे साठच्या दशकात कापसाच्या व्यापाराने मुंबईत पैसा आणि माणसे लोटली. नारळाच्या बुंध्यापेक्षा भाडेकरूची खोली अधिक उत्पन्न देऊ लागली. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी काढण्यावर कर आणि निर्बंध वाढले आणि माडांवर जगणाऱ्या भंडारी कुटुंबांचा आधार खचला. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले होते. त्यामुळे विहिरीवाचून राहता येते हे लोकांना कळले. पुढे १८९६ साली प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाट वस्त्यांत हवा-उजेड खेळवण्यासाठी रस्ते व नव्या वसाहती आखल्या जाऊ लागल्या. दादर-माटुंग्याच्या बाजूची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि तिथले पाच बगीचे ही त्याच विचाराची फळे. तिथे बाग घराच्या मागून निघून घरासमोर, वर्तुळात, कुंपणात जाऊन बसली. ती सर्वांची झाली, ही मोठी गोष्ट झाली. मात्र तिथे कोणी कढीलिंब तोडायला जात नाही.

विहिरींचे प्रकरण स्वतंत्रपणे सांगण्यासारखे आहे. १९११ मध्ये डॉ. बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला. शहरातील उघड्या विहिरींत हिवतापाचे डास वाढतात, त्या बुजवाव्यात किंवा झाकाव्यात, असा त्याचा रोख होता. लोकांनी विरोध केला. विहिरीत देवता आहे, आसरा आहेत, रखवालदार आहे. ती बुजवली तर घराचे वाईट होईल, असे लोक म्हणत. हिंदू म्हणत तसे पारशीही म्हणत. मुंबई महापालिकेच्या कारभाराशी निकटचा संबंध असलेले रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी या समजुती गोळा करून १९१८ मध्ये विहिरींच्या लोकविद्येवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. अंमलबजावणीच्या कामात असलेल्या माणसाला लोकांच्या भीतीविषयी कुतूहल वाटावे, हे मला त्या ग्रंथाइतकेच मोलाचे वाटते. काही विहिरींवर शेवटी जाळीची झाकणे बसली. माझ्या मामांच्या परसातील विहिरीवर तसेच एक लोखंडी झाकण होते. मामा ते ‘आजोबांच्या वेळचे’ म्हणत. याहून अधिक इतिहास घरात कोणालाही माहीत नव्हता.

माझे स्वतःचे बालपण लालबागच्या चाळीत गेले. तिथे परस नव्हते. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी होती आणि कठड्यावर तारेने बांधलेले डालड्याचे डबे होते. एका डब्यात तुळस, एकात ओवा, एकात सदाफुली. पाणी बेताने घालावे लागे, कारण खाली कोणीतरी पापड किंवा मिरच्या वाळत घातलेल्या असत आणि वरून थेंब पडला की खालून आवाज येई. त्यामुळे गिरगावचे परस मला राज्यासारखे वाटे. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे जाई आणि मामींच्या मागे मागे हिंडे.

मामींचे माहेर केळव्याचे. केळवे-माहीमच्या पानवेलींच्या वाड्यांत त्यांचे लहानपण गेलेले. परसात काय कुठे असावे, हे त्यांनी कधी कागदावर काढले नसेल, पण त्यांच्या मांडणीत निष्काळजीपणा नव्हता. मोरीचे पाणी जिथून बाहेर पडे तिथे केळ आणि अळू. ती दोन्ही पाणी पिणारी. स्वयंपाकघराच्या दारापाशी, हात लांब केला की मिळेल असा कढीलिंब आणि गवती चहा. अडुळसा कोपऱ्यात, कारण तो खोकल्याच्या दिवसांतच लागतो. पारिजातक भिंतीलगत पण विहिरीपासून दूर, म्हणजे फुलांचा सडा फरशीवर पडेल, पाण्यात नाही. जास्वंद, कण्हेर, बेल, डाळिंब. शेवगा घरापासून लांब, कारण त्याचे लाकूड ठिसूळ. आणि ‘दारात शेवगा नको’ ही समजूत त्याच ठिसूळपणातून आली असावी, असा माझा तर्क आहे. मध्यभागी उंच माड. दाराच्या रेषेत तुळशीवृंदावन. आणि या सगळ्यांच्या मधल्या जागांत जे काही आपोआप उगवेल ते: माका, आघाडा, दूर्वा, पावसाळ्यात तेरडा.

हे सारे प्राचीन काळापासून असेच चालत आले आहे असे मात्र म्हणू नका. सदाफुली मादागास्करची. झेंडू मेक्सिकोचा, तो नसता तर आपला दसरा कसा दिसला असता कोण जाणे. देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिका खंडातून आलेला, सीताफळही तिकडचेच. हिरवी मिरची, जिच्यावाचून कोकणातील एकही परस पुरे होत नाही, तीही पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. ज्या परसाला आपण पारंपरिक म्हणतो, ते गेली चारशे वर्षे परक्या रोपांना आत घेत आले आहे. नवे रोप कुठले, हे ते विचारत नसे. ते काय कामाचे, एवढेच विचारी.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गुजरातकडे गेले. त्या दिवशी शहरात ठिकठिकाणी झाडे उन्मळली. मामींच्या परसातला माड धुण्याच्या दगडावर आडवा झाला. कोणाला इजा झाली नाही. पण मागची भिंत खचली, मोरीचा नळ फुटला आणि सांडपाणी परसात पसरू लागले. दुरुस्तीसाठी जमीन खणली तेव्हा खालची जुनी वाहिनीही निकामी झाल्याचे कळले. थोडक्यात, सगळे परस उकरावे लागले. केळ गेली, अळू गेले, गवती चहाचा बेट गेला. विहीर, बेल आणि पारिजातक राहिले. दीड वर्ष तिथे विटांचे ढीग होते. मामा तोवर हयात नव्हते. मामी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या.

मामेभावाची मुलगी वास्तुशास्त्र शिकलेली. परस नव्याने मांडण्याचे काम साहजिकच तिच्याकडे आले. तिने काढलेला पहिला आराखडा मी पाहिला आहे आणि तो सुंदर होता, हे आधीच सांगते. मध्यभागी कापलेल्या गवताचा आयत. त्याभोवती करड्या दगडाची फरशी, कडेला पांढरे गोटे. भिंतीलगत अरेका पामची रांग. एका भिंतीवर कप्प्याकप्प्यांची उभी बाग. बसायला एक सलग दगडी बाक, त्याखाली दडवलेले दिवे. तुळस होती, एका चौकोनी चौथऱ्यावर, नेमक्या प्रकाशात. क्योटो शहरातील लांबट, अरुंद घरांच्या मधोमध जपानी लोक ज्या इवल्याशा बागा करतात, त्यांचा अभ्यास करून तिने हे केले होते. एक ‘त्सुबो’ म्हणजे साधारण ३.३ चौरस मीटर. तेवढ्यातही बाग होते, हे तिला दाखवायचे होते. तिचे म्हणणे मला पटण्यासारखे वाटले: जागा लहान असेल तर वस्तू कमी हव्यात, डोळ्यांना विसावा हवा.

मामींनी आराखडा बराच वेळ न्याहाळला. मग विचारले, “यात फुलं कोणी तोडायची?”

नात म्हणाली, “आजी, ही बाग बघायला आहे. शांत वाटावं म्हणून.”

“बरं. आणि दूर्वा?”

“हे सगळं गवत म्हणजे दूर्वाच आहे गं. त्याच जातीचं.”

हे खरे होते. आपली दूर्वा, म्हणजेच हरळी, जगभर हिरवळीसाठी आणि खेळाच्या मैदानांसाठी लावली जाते. शास्त्रीय नाव एकच. पण मामींचा पुढचा प्रश्न शास्त्राच्या पलीकडचा होता. त्या म्हणाल्या, “दर आठवड्याला कापलंस तर तीन पात्यांचा तुरा कुठून यायचा?”

हा संवाद मी तुम्हांला मुद्दाम जसाच्या तसा सांगितला. त्यात एकच वनस्पती आहे आणि दोन बागा आहेत. एका बागेत गवताने सपाट राहायचे असते, दुसऱ्या बागेत त्याने शेंडा काढायचा असतो. माका आणि आघाडा यांचेही तसेच. हरितालिकेला, गणेशचतुर्थीला लागणाऱ्या पत्रीत ज्या वनस्पती मानाने येतात, त्यांतील निम्म्यांना उद्यानाची निगा राखणारा माणूस तण म्हणून उपटतो. जुने परस पंचांगाप्रमाणे चाले. श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गणपती आणि गौरी, अश्विनात झेंडू, कार्तिकात तुळशीचे लग्न. त्या त्या दिवशी त्या त्या पानाची गरज, म्हणून ते पान तिथे. नव्या बागेला तिथी नसते. ती बाराही महिने सारखी दिसावी अशी अपेक्षा असते. तुम्ही सश्रद्ध असा वा नसा, हा फरक बागेच्या रचनेतला आहे आणि तो डोळ्यांनी दिसतो.

इथे थोडे परसाबाहेर जाते. आमच्या लालबागच्या चाळीच्या जागी आता उंच इमारत आहे. जुने शेजारी तिथे एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. सहाव्या मजल्यावर, गाड्यांच्या तळांच्या डोक्यावर, मोकळी बाग आहे. तिला पोडियम म्हणतात. हा शब्द आता लालबाग-परळच्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडी इतका रुळला आहे की ‘मी पोडियमवर आहे’ हे वाक्य कोणाला चमत्कारिक वाटत नाही. तिथे पाटी आहे: ‘फुले तोडू नयेत.’ पाटी वाजवी आहे, कारण तीनशे कुटुंबांनी फुले तोडली तर बाग उरणार नाही. पण पहाटे ओच्यात फुले गोळा करून आणणाऱ्या बाईला ती पाटी वाचताना काय वाटत असेल, याचा विचार करा. ती फुलांसाठी आता दादरला जाते. तुळशी पाइप रोडवर, पुलाच्या आसपास, पहाटेपासून फुलांचा बाजार भरतो. (रस्त्याच्या नावातील तुळशी म्हणजे तुळशी तलाव, रोप नव्हे, मुंबई अशी अधूनमधून चकवते.)

पोडियमवरची बाग आणि जमिनीवरची बाग यांत भावनेपलीकडचाही एक फरक आहे, तो मातीच्या वजनाचा. ओली माती दर घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते. राहत्या घराच्या स्लॅबवर धरावयाचा भार दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा. पोडियमचे स्लॅब याहून मजबूत करतात, तरी मातीचा थर जाड करायचा म्हणजे खर्च वाढतो. म्हणून बहुतेक ठिकाणी तो पातळ असतो. हिरवळीला वीतभर माती पुरते, झुडपांना हात-दीड हात लागते. मोठ्या झाडाला मात्र मीटरभर मातीतही अवघडल्यासारखे होते. पिंपळ, आंबा, बकुळ यांची सावली पोडियमवर मिळत नाही ती यामुळे. दादरच्या कोहिनूर गिरणीच्या जागेवरील प्रकल्पासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये असा निर्णय दिला की, नियमाप्रमाणे सोडावयाची किमान मनोरंजनाची मोकळी जागा पोडियमवर नव्हे, तर जमिनीवरच असली पाहिजे. कायद्याच्या भाषेतला हा वाद मुळात परसाचाच वाद होता, असे मला तो वाचताना वाटले.

आता पुन्हा गिरगावात. आमच्या भाचीची एक गोष्ट मला आवडली. आजीच्या प्रश्नांनी ती रागावली नाही, हिरमुसली मात्र. दोन दिवसांनी ती खडू घेऊन परसात उतरली आणि दर तासाला उन्हाची कड फरशीवर आखू लागली. पश्चिमेला आता एक मनोरा उभा आहे. त्यामुळे परसात ऊन चारच तास येते, हे तिला मोजून कळले. मामी खुर्चीत बसून म्हणाल्या, “मार्गशीर्षात विहिरीपर्यंतसुद्धा पोचत नाही.” मग खडू बाजूला ठेवून भाची त्यांच्याजवळ बसली आणि कोणत्या महिन्यात ऊन कुठवर येते ते लिहून घेऊ लागली. नव्या आराखड्याची सुरुवात त्या कागदापासून झाली, असे मी मानते.

चार तासांच्या उन्हात हिरवळ तग धरत नाही. शिवाय मुंबईत जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. पावसात हिरवळ कुजते, पुढे रोज पाणी मागते. ती रद्द झाली. तिच्या जागी जुन्याच शहाबादी फरश्या आल्या, पण सिमेंटने न जोडता. दोन फरश्यांमध्ये दोन बोटांची फट ठेवून त्यांत बारीक खडी आणि माती भरली. पाऊस त्या फटींतून जमिनीत उतरतो आणि दूर्वा त्या फटींतच वाढते. तिला कोणी कापत नाही. उभी बागही रद्द झाली. तिला दिवसातून अनेकदा पाणी देणारा पंप लागतो, आणि तो बंद पडला की दोन दिवसांत भिंत सुकते. तिथे तारांचा मांडव करून जाई आणि पानवेल चढवली. पानवेलीला सावलीच मानवते, हे केळव्याच्या मुलीला कोणी सांगायला नको होते.

मोरीच्या पाण्याचा प्रश्न अवघड ठरला. मामी म्हणत, केळीला सोडा. पण त्यांच्या तरुणपणी त्या पाण्यात शिकेकाई आणि राख असे. आता धुण्याच्या पावडरी आणि फरशी पुसायची रसायने असतात. आजच्या काळात जुनी रीत जशीच्या तशी चालवता येत नाही, ती अशा जागी. भाचीने मोरीबाहेर खडी-वाळूचा एक लांबट चर केला आणि त्यात कर्दळ लावली. कर्दळीच्या मुळांतून आणि खडीतून गाळून निघालेले पाणी पुढे केळीला जाते. मला हा भाग सगळ्या परसात सर्वांत आधुनिक वाटतो, आणि पाहुण्यांपैकी एकाचेही लक्ष तिकडे जात नाही.

मामींना वाकता येत नाही. गुडघे गेले आहेत. म्हणून वाफे जमिनीवर न करता अडीच फूट उंचीच्या जांभ्या दगडाच्या कठड्यांत केले. उभे राहून किंवा खुर्चीवर बसून हात मातीत जाईल अशी उंची. पाश्चात्त्य देशांत वृद्धांसाठी आणि चाकांच्या खुर्चीतील माणसांसाठी असे वाफे करतात, हे भाचीने वाचले होते. मामींचा त्याला सुरुवातीला विरोध होता. माती खाली असते, ती कमरेला आणायची म्हणजे काय, असे त्यांचे म्हणणे. आता रोज सकाळी पहिला तास त्या तिथेच असतात. पुदिना, ओवा, मरवा, अबोली, अळूची लहान जात. आधुनिक रचनेने त्यांना जे दिले ते हे. आयताचे, करड्या रंगाचे किंवा दडवलेल्या दिव्यांचे त्यांना काही सोयरसुतक नाही. दिवे मात्र राहिले आहेत, आणि रात्री बाकावर बसले की ते बरे दिसतात, हे त्याही मान्य करतात.

विहीर उपसली. गाळ निघाला, एक पितळी तांब्या निघाला, तीन चेंडू निघाले. तिच्यावर बारीक जाळीचे नवे झाकण बसवले, कारण डास शिरणार नाहीत अशी व्यवस्था मालकाने करायची असते; पाण्यात गप्पी मासे सोडले. शंभर वर्षांपूर्वी विहिरीतील देवता आणि हिवतापाचे डास यांच्यात जो झगडा झाला होता, त्याचा आमच्यापुरता निकाल असा लागला. झाकण उघडताना मामी अजूनही आधी हळद-कुंकू वाहतात. मग पाइप आत सोडतात.

माड मात्र पुन्हा लागला नाही. भाचीचे म्हणणे, जागा अरुंद, ऊन अपुरे, शेजारच्या घराची पत्र्याची शाकारणी खाली, आणि नारळ उतरवायला चढणारा माणूस आता गिरगावात मिळवणे किती कठीण झाले आहे ते पाहा. यातील प्रत्येक मुद्दा बिनतोड आहे. मामी प्रत्युत्तर देत नाहीत; बाजारातून आणलेला नारळ सोलताना फक्त म्हणतात की याला पाणी कमी आहे. माडाच्या जागेवर फरशी आहे. त्या फरशीखालची माती अजून बसते आहे, म्हणून ती एका बाजूला किंचित खचली आहे. भाची ती दोनदा समपातळीत आणायला आली, आणि दोन्ही वेळा मामींनी “राहू दे” म्हटले.

तुमच्या घरी परस असेल, गॅलरी असेल किंवा खिडकीतील दोन कुंड्या असतील. तिथे काय आहे याची यादी करण्यापेक्षा, त्यांतील कोणत्या झाडाला कोण, कधी, कशासाठी हात लावते ते लिहून पाहा. हा काही स्वाध्याय नाही आणि त्याला गुण नाहीत. पण आपल्या घरात कोणाचे काम कोणाला दिसत नाही, हे त्या कागदावर बऱ्यापैकी उमटते. मामींच्या परसाची अशी यादी भाचीने केली तेव्हा तिच्या वडिलांचे नाव त्यात एकदाही आले नाही, आणि ते त्या घरात साठ वर्षे राहत आहेत.

या वर्षी गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी भाचीने पत्रीची पाने परसात मोजली. एकवीस लागतात. तुळस, बेल, दूर्वा, डाळिंब, कण्हेर, जाई, मरवा, माका, आघाडा: नऊ मिळाली. आघाडा तर केळीच्या मागे, कर्दळीच्या चराच्या कडेला उगवला होता. तो कोणी लावला नव्हता, पण या वेळी कोणी उपटलाही नव्हता. उरलेल्या बारांसाठी ती सकाळी साडेचारला दादरला गेली. परत आली तेव्हा पिशवीत शमी, रुई, अर्जुन, हादगा, केवडा आणि बाकीची पाने होती, आणि हादग्याचे एक लहान रोपही होते. ते कुठे लावायचे, यावर त्या दोघींचे अजून एकमत झालेले नाही.